माणूस पोहोचलं

१

डिसेंबर लागला की सुमेधा बंद पडलेल्या योजनांचं कपाट उघडून बसे. विमा कंपनीच्या बनारसमधल्या लहुराबीरच्या ऑफिसात तिच्या टेबलाला सगळे मणिकर्णिका म्हणत, म्हणजे स्मशानघाट. तिच्या तोंडावर म्हणत, आणि तीही हसत असे. ज्या योजना विकणं कंपनीने कधीच थांबवलं होतं, पण ज्यांचं देणं अजून फिटलेलं नव्हतं, त्या सगळ्या शेवटी तिच्याकडे यायच्या आणि शेवटचा सभासद गेला की तिच्याच हातून मिटायच्या. एकोणीस वर्षं ती हे काम करत होती. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता, कारण तिचा हिशोब आजवर चुकला नव्हता.

यातली सगळ्यात जुनी योजना म्हणजे 'अंतकाळ सोबत'. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट इथल्या मराठी घरांनी मिळून कधीकाळी 'दक्षिणी सहायक निधी' काढला होता. मुलंबाळं लांब गेलेली, किंवा नसलेलीच, अशी माणसं त्यात महिन्याला अकरा रुपये भरत. बदल्यात पैसे मिळायचे नाहीत, माणूस मिळायचं. अंतकाळी निधी एक माणूस पाठवणार. ते उशाशी बसणार, तोंडात गंगा घालणार, अग्नी देणार. लोक सरळ 'माणसाचा विमा' म्हणत. चौऱ्याण्णव साली नवे सभासद घेणं बंद झालं, पुढे अख्खा निधीच कंपनीने पोटात घेतला आणि जुने सभासद कंपनीच्या गळ्यात पडले. यंदा त्यातले चार उरले होते. त्या चारांत एक सुमेधाची पद्माआत्या होती.

दर डिसेंबरला या चौघांचं आजचं मोल काढायचं असे. एक माणूस पाठवायला सहा हजार रुपये लागतील असं धरायचं, सभासद अजून किती वर्षं जगेल ते तक्त्यात बघायचं, आणि तेवढ्या वर्षांचं व्याज त्यातून वजा करायचं. मरण जितकं लांब, तितकं ते आज स्वस्त. आत्या चौऱ्याऐंशीची; तक्ता तिला पाच वर्षं देत होता. आकडा आला चार हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव होता. मधल्या वर्षात काहीही घडलं नव्हतं, तरी दोनशे ऐंशी रुपये वाढले होते. ती गोष्ट एका वर्षाने जवळ आली होती, एवढंच.

त्याच आठवड्यात पुण्याच्या हेड ऑफिसमधून अनिमेषचा फोन आला. तिशीतला मुलगा, बोलायला गोड, पण आकड्याला आकडा लागल्याशिवाय सोडणारा नव्हे.

"मॅडम, हे सहा हजार कुठून आले?"

"जुना आकडा आहे. पहिल्यापासून तोच चालत आलाय."

"मी गेल्या वीस वर्षांचं बघतोय. अकरा मृत्यू. अकराही जागी 'सेवा पूर्ण'. आणि खर्च शून्य. मग माणूस पाठवतं कोण?"

"तुम्ही," सुमेधा म्हणाली. "हेड ऑफिस."

"आम्ही नाही पाठवत," अनिमेष म्हणाला. "आम्ही समजत होतो, तुम्ही पाठवता."

सुमेधाने समोरची फाइल उघडली. प्रत्येक पॉलिसीला एक पिवळं कार्ड जोडलेलं असे. वर छापलेलं, 'माणूस पोहोचलं', आणि खाली अंतकाळाची तारीख, वेळ, सही. सभासद वारला की ते कार्ड टपालाने ऑफिसात यायचं, ती फाइलला लावायची आणि खातं मिटवायची. अकरा कार्डं तिने स्वतःच्या हाताने लावली होती. कुणी पाठवलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि कार्डाच्या स्कॅनवर ते 'पोहोचलं' काय आहे? 'पोहोचला' पाहिजे ना?"

"घरच्या माणसाला आम्ही असंच म्हणतो, अनिमेषजी," ती म्हणाली.

२

सगळ्यात ताजं कार्ड ऑगस्टचं होतं. रामघाटच्या लीलाबाई खेर. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमेधा तिकडे गेली. लीलाबाईंच्या खोलीला कुलूप होतं. समोरच्या खोलीत राहणाऱ्या नंदाताई दारात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी लगेच पाट सरकवला आणि मटाराची अर्धी परात सुमेधाच्या पुढ्यात ढकलली.

"कंपनीकडून? नाही बाई, कंपनीकडून कशाला कोण येईल, घरचं माणूस असताना? मुलगा आला ना नागपूरहून, सुशांत. दोन दिवस उशाशी बसून राहिला, जागचा हलला नाही. मी म्हटलं, अरे, चाय तरी घे. नाही घेतली. खाणं नाही, पिणं नाही, बिलकुल काही नाही. त्यानेच तोंडात गंगा घातली, त्यानेच अग्नी दिला. लीलाबाई इतक्या खूश होत्या ना."

सुमेधाच्या जिवात जीव आला. कार्डावरची सही सुशांत खेर अशीच होती. म्हणजे सगळं साधं होतं. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई वेळेवर येऊन पोहोचत असणार, पिवळं कार्ड दिसलं की सही करून पेटीत टाकत असणार. निधीवर माणूस पाठवायची वेळच येत नव्हती. अनिमेषला हे सांगितलं की तोही खूश. तिने मटार भराभर सोलले आणि उठली.

"एक बात सांगू का?" नंदाताई म्हणाल्या. "बारा वर्षांनी आला असेल, पण बिलकुल तसाच. एक केस पांढरा नाही. शर्ट पण तोच." त्यांनी लीलाबाईंच्या खिडकीच्या गजांतून आत बोट दाखवलं. भिंतीवर फोटो होता, स्टेशनवर काढलेला. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक तरुण, हातात बॅग.

"तसाच दुसरा घेतला असेल."

"कॉलरपाशी लीलाबाईंनी रफू केलं होतं, मीच सुई ओवून दिली होती. ते पण होतं."

नंदाताईंना त्यात काही खटकलं नसावं. त्या पुन्हा मटाराकडे वळल्या. सुमेधा जिना उतरली आणि घाटापर्यंत चालत गेली. कोहरा इतका होता की पलीकडची रेती दिसत नव्हती, आणि एक नाव बांधून ठेवलेली होती ती अर्धीच दिसत होती.

३

तिला ते रफू झोपेपर्यंत डोक्यातून काढता आला नाही. सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिने फाइलमधून सुशांत खेरचा नंबर काढला.

"नमस्कार, मी बनारसहून विमा कंपनीतून बोलतेय. तुमच्या आईंच्या फाइलसाठी फक्त एक विचारायचं होतं. पिवळ्या कार्डावर सही तुम्हीच केलीत ना?"

"कसलं कार्ड?"

"ऑगस्टात तुम्ही आला होतात तेव्हा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुम्हाला हे कुणी सांगायला लावलंय?"

"शेजारच्या नंदाताई म्हणाल्या."

"मी आलो नव्हतो," सुशांत म्हणाला. "ऑडिट चालू होतं. दोन दिवसांनी निघतो म्हटलं आणि राहून गेलं. तिसऱ्या दिवशी नंदाताईंचा फोन आला, नीट पोहोचलास का म्हणून. मला वाटलं टोमणा मारतायत. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं की आई गेली, सगळं झालं, आणि तिथे सगळ्यांना वाटतंय की मीच होतो."

"मग तुम्ही खरं सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आईच्या वेळी मी आलो नाही, असं सांगू?"

सुमेधाला फोन ठेवावा असं वाटत होतं, पण तो बोलतच राहिला. त्याला हे कुणाला तरी सांगायचं होतं, हे उघड होतं.

"ताई, मला रडू आलं नाही. मला वाटलं, धक्का बसलाय, येईल हळूहळू. चार महिने झाले. आईला आठवायला बसतो आणि समोर काही येत नाही. ती मला हाक कशी मारायची, तेसुद्धा आठवत नाही. ते सगळं कुणीतरी माझ्या वतीने उरकून टाकलंय."

तिने आणखी दोन नंबर लावले. इंदूरचा एक जावई म्हणाला, आम्ही गेलो नव्हतो आणि पुन्हा फोन करू नका. दुसरीकडे एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि न बोलता फोन ठेवला. सुमेधाने डोकं लावून बघितलं. नातेवाइकांचं सोंग घेणारी एखादी टोळी असेल. पण टोळीने काय मिळवलं? कुणाची अंगठी गेली नव्हती, कुणाच्या घरावर हक्क सांगितला नव्हता. वीस वर्षं न खाता-पिता परक्या म्हातारीच्या उशाशी बसायचं आणि लाकडांचे पैसेही मागायचे नाहीत, असा चोर तिच्या ऐकिवात नव्हता.

४

निधीची मूळ वही कपाटाच्या तळाशी होती. तिच्यात चार रकाने होते: सभासद, अंतकाळ, माणूस पोहोचलं, माणूस परत. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला तारीख होती, निधी कंपनीत येईपर्यंत. चौथा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता. सुमेधाने एकेक पान उलटून पाहिलं. एकही माणूस परत आल्याची नोंद नव्हती.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नियम चिकटवलेले होते. तिसरा नियम तिने अनिमेषला फोनवर वाचून दाखवला: "सभासदाच्या अंतकाळी निधी आपलं माणूस पाठवील."

"आपलं म्हणजे निधीचं, की सभासदाचं?" अनिमेषने विचारलं.

सुमेधाने ती ओळ पुन्हा वाचली. आपलं म्हणजे आपलं. लहानपणापासून तिने हा शब्द हजारदा वापरला होता आणि त्याचे दोन अर्थ होतात हे तिला आज कळत होतं.

"मोघम आहे," अनिमेष म्हणाला. "आपण ही योजनाच मिटवू या, मॅडम. चौघांना आजचं मोल देऊन टाकायचं आणि लेखी घ्यायचं की आता माणूस नको. एकतीस डिसेंबरपर्यंत मूळ कागदावर तिथल्या साहेबांची सही आणि शिक्का लागेल. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही."

सुमेधा आणि आत्या दुर्गाघाटला दोन खोल्यांत राहत. आई-वडील लवकर गेले, आत्याने शाळेतल्या पगारावर तिला वाढवलं, आणि दोघींनीही लग्न या विषयावर एकमेकींना कधी छळलं नाही. आत्या या थंडीत अंथरुणाला खिळली होती. छातीत कफ होता, पण डॉक्टर म्हणाले होते, नाडी बरी आहे.

त्या संध्याकाळी सुमेधाने ट्रंक उघडून पॉलिसी काढली. पिवळं कार्ड मात्र सापडेना.

"असेल कुठे तरी," आत्या म्हणाली. "कशाला हवंय?"

"आपण ही पॉलिसी रद्द करू या, आत्या. चार हजार मिळतायत."

"चार हजारांचं मी काय करू?"

मग सुमेधाने मनातलं विचारलं. इतकी वर्षं ते तिला टोचत होतं. "तू ही घेतलीसच का? मी होते ना घरात."

"तू नऊ वर्षांची होतीस, सुमे. निधीच्या ऑफिसात माझा हात धरून पेपरमिंटची गोळी चघळत उभी होतीस. तुझ्या भरवशावर राहू? मुली जातात कुठे कुठे. त्यांना जायला पाहिजे पण."

"मी नाही गेले कुठे."

"हो, नाही गेलीस," आत्या म्हणाली. "तेव्हा असशील ना पण?"

"असेन. मी असताना कंपनीचं माणूस कशाला हवंय आपल्याला?"

सहीला हात चालेना, म्हणून आत्याने अंगठा दिला. सुमेधाने तिचं बोट पुसलं, कागद फुंकून वाळवला. आत्याला काही सांगावं असं तिला फार वाटलं: लहानपणी वेण्या घालताना तू गुणगुणायचीस ते मला अजून ऐकू येतं, असलं काहीतरी. पण दोघींमध्ये असं बोलायची पद्धत नव्हती. तक्त्याप्रमाणे अजून पाच वर्षं होती. तिने मफलर आत्याच्या कानांवर नीट केला आणि दिवा घालवला.

५

उरलेल्या तिघांचे कागद जमवण्यात महिना सरला आणि एकतीस तारीख उजाडली. कोहऱ्यामुळे सकाळी दहालाही गल्लीत दिवे लागलेले होते. खालच्या मजल्यावर राहणारी रुची नवऱ्याचा डबा भरत होती.

"रुची, दोन तासांत येते मी. मध्ये एकदा वर डोकावशील?"

"हो ताई, पक्का. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

सुमेधा पर्स घ्यायला पुन्हा वर गेली. आत्या जागी होती; आज चेहरा जरा उतरलेला वाटला. सुमेधाचा पाय निघेना. जाऊ नये, असं तिला स्पष्ट वाटलं. पण कागद आज ऑफिसात पोहोचला नाही तर पॉलिसी चालूच राहणार होती, आणि चालू राहिली तर कोणीतरी येणार होतं. उंबऱ्यावर उभी राहून, रोज म्हणायची तसं ती म्हणाली, "येते हं, आत्या."

मराठी घरात निघताना जाते म्हणत नाहीत. ती एकोणीस वर्षं रोज याच उंबऱ्यावर हेच म्हणत आली होती.

"ये," आत्या म्हणाली.

कोपऱ्यावर गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. कोहऱ्यातून एक बाई येत होती, खाली मान घालून, घाईने. सुमेधा भिंतीला चिकटली आणि बाई पुढे गेली. गर्द निळी साडी, मोहरी रंगाचे काठ. अशी साडी सुमेधाकडे होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी आत्याने घेतलेली, पुढे विरली तेव्हा बोहारणीला दिली. लोकांकडे किती साड्या सारख्या असतात, असं मनात येऊन ती पुढे चालू लागली.

ऑफिसात साहेब बाराला आले. त्यांनी चौघांचे कागद बघितले, सही केली, शिक्का मारला. बारा वाजून पाच मिनिटं. सुमेधाने सुटकेचा श्वास टाकला आणि कागद फाइलला लावायला टेबलाशी आली, तर टेबलावर नुकतंच आलेलं टपाल पडलं होतं. सगळ्यात वर पिवळं कार्ड होतं.

माणूस पोहोचलं. सभासद: पद्मा. तारीख: ३१ डिसेंबर. वेळ: दुपारी १२.४०. त्याखाली सही होती, आणि ती सुमेधाची होती. शेवटच्या अक्षराला ती ओढते तशी ओढ, खाली दोन टिंबं.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून आठ मिनिटं झाली होती.

६

ई-रिक्शात बसून तिने रुचीला फोन लावला.

"रुची, वर जा. लगेच जा. आत्यापाशी बस."

"ताई?" रुची गोंधळली. "तुम्ही आहात ना वर? मघाशीच तर सीढी चढताना बघितलं तुम्हाला. मी म्हटलं पण, ताई, केसांना डाय केलं का, अच्छं दिसतंय. तुम्ही हसलात फक्त."

मैदागिनला रिक्शा अडकली. सुमेधा उतरून पळत सुटली. सत्तेचाळीस वर्षांची बाई गल्लीतून पळते आहे म्हटल्यावर लोक बाजूला होत होते. हातात तो शिक्का मारलेला कागद होता. का आणला हे तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की अजून बारा चाळीस झालेले नाहीत, आणि तिला पोहोचायचं आहे.

जिना अंधारा होता. अर्ध्या जिन्यात तिला बोलणं ऐकू आलं आणि ती थांबली. मोबाइलवर आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज परका वाटतो, तसा तो वाटला.

"वेण्या घालताना तू गुणगुणायचीस, आत्या. अजून ऐकू येतं मला."

हे तिचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, राखून ठेवलं होतं. ती उरलेल्या पायऱ्या चढली. दार चार बोटं उघडं होतं.

आत, अंथरुणाशी, तिच्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. निळी साडी. कमरेपर्यंत काळीभोर वेणी, सुमेधाची विशीत होती तशी. एक हात आत्याच्या कपाळावर, दुसऱ्या हातात पळी. आत्याचा चेहरा मात्र दाराकडे होता, आणि त्या चेहऱ्यावर इतका आनंद सुमेधाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिला त्या आनंदाचा हेवा वाटला. भीती नंतर वाटली.

आत्याची नजर त्या खांद्यावरून दाराकडे आली. सुमेधावर थांबली. तिने डोळे बारीक केले, परक्याला बघताना करतात तसे.

"सुमे, दारात कोण आहे गं?"

सुमेधाने तोंड उघडलं. बोलली मात्र बसलेली बाई, न वळता.

"कंपनीचं माणूस आलंय, आत्या."

"अच्छा," आत्या म्हणाली. "सांग त्याला, जरूर नाही म्हणून. माझं माणूस आलंय."

एक पाऊल टाकलं असतं तर सुमेधा आत गेली असती. दार उघडंच होतं. पण आत्याने दोघींना एकदम पाहिलं असतं, तो आनंद पुसला गेला असता आणि डोळे मिटताना त्यात भीतीच राहिली असती. सुमेधाने हे सगळं एका क्षणात जोखलं. हिशोबाला ती पक्की होती. तिने पाऊल टाकलं नाही. दाराबाहेर, हातात कागद धरून, ती उभी राहिली.

भांड्यात पळी बुडल्याचा आवाज आला. बारा चाळीस झाले होते.

पुढे किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. जिन्यावरून माणसं वर येऊ लागली. अंधारात कुणीतरी तिला म्हणालं, "जरा साइड दीजिए," आणि ती भिंतीला चिकटली.

७

तिने सगळं केलं, असं सगळे सांगतात. बाईमाणसाने अग्नी दिला, घाट बघत राहिला, आणि ती इतकी रडली की बघवेना. रुचीने तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. ती निळी साडी छान होती, पण पुन्हा दिसली नाही, असंही रुची म्हणाली.

"ताई, तुम्ही वेळेवर होता ना, त्यांना किती शांती मिळाली असेल."

"हो," सुमेधा म्हणाली. "होते मी."

तिला जिन्यातली भिंत आठवते. तेवढीच आठवते. रात्र झाली की ती मफलर मांडीवर घेऊन बसते आणि रडायचा प्रयत्न करते. आत्याचं वय आठवतं, पॉलिसी नंबर आठवतो, चार हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर आठवतात. वेण्या घालताना कुणीतरी काहीतरी गुणगुणायचं, हे वाक्य आठवतं. सूर येत नाही. आत्या तिला कोणत्या नावाने हाक मारायची, ते तिने एकदा खाली जाऊन रुचीला विचारलं. तिने सांगितलं. वर येईपर्यंत ते पुन्हा गेलं होतं.

जानेवारीच्या मध्यावर ती कामावर गेली. अनिमेषचा फोन आला. त्याने आधी सांत्वन केलं, मग जरा अडखळत विचारलं, "मॅडम, तुमच्या आत्यांचं रद्द धरू, की सेवा पूर्ण? कागद पण आहे, कार्ड पण आहे."

"सेवा पूर्ण धरा," ती म्हणाली. "दायित्व शून्य."

फोन ठेवून तिने कपाटाच्या तळाची वही काढली. वीस वर्षांत तिच्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीखाली तिने आत्याचं नाव लिहिलं, अंतकाळाची तारीख लिहिली, 'माणूस पोहोचलं' या रकान्यात बारा चाळीस लिहिले. चौथा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता. सुमेधाने 'माणूस परत' या त्या रकान्यात आजची तारीख घातली, आणि पुढे सही केली. कार्डावरची सही शेजारी ठेवून तिने दोन्ही ताडून पाहिल्या. कार्डावरची हुबेहूब तिची होती. ही वेगळी दिसत होती, नवशिक्या हाताची. तिने शाई वाळू दिली आणि वही मिटली.